जागचं हलायचं नाही

कुठेही प्रमुख पाहुणा म्हणून गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो. नारळ फुटतो, शाल घातली जाते, आणि मग सूत्रसंचालन करणारा माणूस माइक माझ्या तोंडाशी आणून विचारतो, सर, शतक झालं त्या क्षणी मनात काय होतं? माझं उत्तरही ठरलेलं आहे. आई-वडिलांचे कष्ट आठवले, असं मी म्हणतो आणि टाळ्या पडतात. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला लघवीला लागली होती आणि दिवसाचा खेळ संपायला किती वेळ आहे हे मी पंचांना विचारणार होतो. हे सांगितलं तर लोक हसतील, पण मग पुढचंही सांगावं लागेल. म्हणून मी कष्टांवर भागवतो.

मी देशाकडून खेळलो तो थोडाच काळ. शतक एकच. आता ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता ती मुलं मोबाइलवर ते शोधून काढतात आणि मला दाखवतात. मी बघतो. मला त्याचं काही वाटत नाही, आनंद नाही की दुःख नाही. दात काढून आल्यावर गाल आपलाच असून हाताला परका लागतो, तसं मला ते शतक लागतं.

आमचं घर नाशिकरोडला, दोन खोल्यांचं. बाबा सिन्नरच्या एका कारखान्यात फिटर होते. पहिली पाळी संपली की कंपनीच्या बसने यायचे आणि घरी न जाता थेट माझ्या शाळेच्या मैदानावर, डबा हातात घेऊन उभे राहायचे. एकदा मी चांगला खेळत होतो आणि ते नळावर पाणी प्यायला गेले. तेवढ्यात मी आऊट झालो. देवाधर्माच्या बाबतीत बाबा बेताचेच, संकष्टीला आईच्या भीतीने उपास करणारे. पण त्या दिवशी त्यांनी ठरवून टाकलं, की आपण जागा सोडली म्हणून पोराची विकेट गेली.

तिथून घराचा नियम झाला. मी पहिला चौकार मारला की जो जिथे असेल त्याने तिथेच राहायचं. मी आऊट होईपर्यंत जागचं हलायचं नाही. चहा उतू जायला लागला तर जवळ बसला असेल त्याने हात लांब करून गॅस बंद करायचा, नाहीतर जाऊ द्यायचा. मी रणजीत पहिलं शतक केलं तेव्हा मामा आमच्याकडे आले होते. रेडिओवर माझा पहिला चौकार लागला त्या वेळी ते संडासात होते. बाबांनी बसल्या जागेवरून हात लांब करून बाहेरून कडी लावली. मामा ओरडून थकले, मग गप्प बसले. पुढे ते लग्नाकार्यात सगळ्यांना सांगायचे, की त्या शतकातलं अर्धं माझं आहे. त्यानंतर माझी मॅच असली की मामा पेपर घेऊन स्वतःहूनच आत जायचे.

मीही यावर खूप हसायचो. मला त्यात वावगं काही वाटत नव्हतं, कारण गल्लीत प्रत्येक घरी काहीतरी होतंच. कोणी न धुतलेला शर्ट घालायचा, कोणी मॅच सोडून गच्चीवर जाऊन उभा राहायचा. सगळे एकाच माळेचे मणी. आणि मी तरी कुठे वेगळा होतो? आधी डावं पॅड बांधलं नाही तर मी बांधलेलं सोडून पुन्हा बांधत असे.

त्या शतकाच्या दिवशी मी परदेशात होतो. घरी काय झालं ते मला आईकडून कळलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी, कित्येक वर्षांत. तिकडे सकाळ तेव्हा इकडे दुपार. बाबांनी रजा टाकली होती. ते दाराजवळच्या लोखंडी खुर्चीवर बसले होते, आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मेथी निवडत होती, शेजारचे तिघे-चौघे कॉटवर होते आणि मामा त्यांच्या जागी. माझा पहिला चौकार लवकर लागला. त्यानंतर सगळे बसले.

मी ऐंशीच्या पुढे गेलो तेव्हा बाबांनी उजवा हात दोन-तीनदा झटकला. हात जड झालाय म्हणाले. आईने त्यांना उठून जरा आडवं व्हायला सांगितलं. तो आऊट झाला की उठतो, असं ते म्हणाले. आई स्वतःही उंबऱ्यातून उठली नाही. हा भाग ती एका दमात सांगते आणि मग तिला काहीतरी काम आठवतं.

इकडे, म्हणजे तिकडे, मी नव्वदीत अडकलो. मी मुळातच हळू खेळणारा, त्यात नव्वदी. गोलंदाज काही देत नव्हता आणि मी घेत नव्हतो. विकेट फेकायची नाही, हे बाबांनी मला लहानपणी इतक्यांदा सांगितलं होतं की माझी बॅट आपोआप मागे यायची. एकामागून एक चेंडू मी सोडून देत होतो. समालोचकांनी माझ्यावर विनोद केले असं नंतर कळलं. शेवटी एक धाव पॅडला लागून की बॅटला लागून, कशीतरी निघाली, पंचांनी ती बॅटची धरली आणि शतक झालं.

गल्लीत फटाके लागले. घरात शेजारचे लोक नियम विसरून नाचले. बाबा उठले नाहीत, आणि त्यात कोणाला काही वेगळं वाटलं नाही, कारण मी अजून खेळत होतो. बाबा नियमाचे किती पक्के आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या काकूंनी त्यांच्या तोंडात पेढा घातला. तो तसाच राहिला. बाबांचा चेहरा एका बाजूने हसल्यासारखा दिसत होता. काकू म्हणाल्या, "आता तरी पुरतं हसा की हो." सगळे हसले आणि पुन्हा आपापल्या जागी बसले.

मी दिवस संपेपर्यंत खेळलो. त्या संध्याकाळी प्रत्येक चेंडू बॅटच्या मधोमध लागत होता. मी आयुष्यात इतका चांगला त्याआधी खेळलो नव्हतो आणि नंतरही नाही. पंचांनी बेल्स काढल्या, टीव्हीवर मी नाबाद परतताना दिसलो, तेव्हा आई उंबऱ्यातून उठली आणि झालं, आता उठा, असं म्हणाली. बाबा खुर्चीसकट एका अंगावर कलंडले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हे सुरू कधी झालं? घड्याळ कोणीच पाहिलं नव्हतं. मग आतून सगळं ऐकलेले मामा म्हणाले, "तो ब्याऐंशीवर होता तेव्हा." डॉक्टरांना काही समजेना. मामांनी समजावून सांगितलं. त्यावर डॉक्टर म्हणाले, की तेव्हाच्या तेव्हा आणायला हवं होतं.

मला कोणी कळवलं नाही. मी खेळत होतो आणि मला हलवायचं नव्हतं. मी तिकडून फोन केला तर आई म्हणायची, ओरडून ओरडून त्यांचा घसा बसलाय, बोलता येत नाही. मी तिला हळद-दूध द्यायला सांगितलं. दौरा संपवून आलो तेव्हा नाशिकरोडच्या चौकातून उघड्या जीपमधून माझी मिरवणूक निघाली. ढोल होते, गच्च्यांवरून बायका फुलं टाकत होत्या. मी गर्दीत बाबांना शोधत होतो, ते नक्की कुठेतरी डबा हातात घेऊन उभे असतील असं वाटत होतं. घरात शिरलो तर ते कॉटवर होते. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं. मला काही वाटलं नाही. गळ्यातला हार फार जड होता, तो काढून कुठे ठेवावा हे मला कळेना. शेवटी मी तो त्यांच्या पायाशी ठेवला, आणि लोकांना वाटलं मी नमस्कार करतोय. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

यानंतरची माझी कारकीर्द सांगायला वेळ लागत नाही. मी आणखी थोड्या कसोट्या खेळलो आणि वगळला गेलो. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू याला कळत नाही, असं जाणकारांनी लिहिलं. एकाने टीव्हीवर माझ्या पायांभोवती गोल काढून दाखवले. मला तो चेंडू चांगला कळत होता. पहिल्या चौकारापर्यंत माझं सगळं नीट चालायचं. चौकार लागला की मनात यायचं, आता घरी सगळे बसले. आई उंबऱ्यात बसली असेल. बाबांना लघवीला लागली असेल आणि ते सांगत नसतील. मी आईला सांगितलं होतं, हा खुळेपणा बंद करा. बंद केला, असं ती म्हणायची. माझा विश्वास बसायचा नाही. मग वीस-तीस धावांच्या पुढे केव्हातरी बॅट चेंडूच्या मागे बाहेर जायची, स्लिपमध्ये झेल जायचा, आणि पायऱ्या चढताना मला पहिलं काय वाटायचं तर हायसं. आता ते उठतील.

हे मी कोणाला बोललो नाही. निवड समितीला काय सांगणार? बँकेत नोकरी होती, ती करत राहिलो. लग्न झालं, घर बदललं, मामा गेले. बाबा चार पायांच्या काठीवर थोडं चालायला लागले. बोलणं 'हं'वर आलं, आणि फार जोर लावला तर दोन-तीन शब्द. आम्ही दोघं एका टेबलावर जेवायचो, एकत्र मॅच बघायचो, त्या दिवसाबद्दल मात्र अवाक्षर नाही. असं आयुष्य सहज जातं. लोकांना वाटतं कठीण असेल, पण नसतं.

यंदा द्राक्षांचा हंगाम सरल्यावर पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्ष व्यापारी घरी आले. त्यांच्या द्राक्षं भरायच्या पॅकहाउसमागच्या मैदानावर टेनिस बॉलच्या स्पर्धा असतात. या वेळी शनिवार-रविवार माजी खेळाडू विरुद्ध व्यापारी असे दोन सामने त्यांनी ठेवले होते. मी नको म्हणालो. "सर, तुमी फकस्त हुबं राहा. तुमच्या नावावर लय पब्लिक येतंय," ते म्हणाले. बाबांचा सत्कारही करू, असं त्यांनी जोडलं. मी पुन्हा नको म्हणणार तोच बाबांनी डाव्या हाताने कपाटाकडे बोट केलं. पांढरा शर्ट काढ, असं ते आईला सांगत होते.

शनिवारी आम्ही गेलो. सत्कार झाला, बाबांना मांडवाच्या कडेला, सीमारेषेजवळ खुर्ची दिली. आई शेजारी बसली. मी खेळायला गेलो आणि तिसऱ्या-चौथ्या चेंडूला माझा चौकार गेला. टेनिसचा चेंडू असला तरी हाताला जुनं सगळं आठवत होतं. लोक ओरडत होते. मग मी मांडवाकडे पाहिलं. ऊन फिरून बाबांच्या अंगावर आलं होतं, मे महिन्याचं, दुपारचं. एक कार्यकर्ता त्यांना सावलीत न्यायला आला तर त्यांनी त्याचा हात झिडकारला. आई वाकून काहीतरी म्हणाली. तिने त्यांच्या डोक्यावर ओला टॉवेल टाकला. ते डाव्या हाताने खुर्चीचा हात घट्ट धरून बसून राहिले.

डॉक्टरांनी त्यांना उन्हात नेऊ नका म्हणून बजावलं होतं. मी तेव्हा जे करायचो तेच केलं. एक सोपा फुलटॉस आला, तो मी उचलून सरळ सीमारेषेवरच्या माणसाच्या हातात दिला. परत येईपर्यंत बाबांना सावलीत हलवलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीत पाहिलं नाही. घरी मी त्यांच्यापुढे ताकाचा पेला ठेवला, तो त्यांनी तसाच राहू दिला.

संध्याकाळी आई गॅलरीत कपडे काढत होती. तिने माझ्याकडे न बघताच विचारलं, "मुद्दाम आऊट झालास ना?"

त्यांच्या अंगावर ऊन आलं होतं, असं मी म्हणालो.

"त्यांना कळतं," आई म्हणाली. "तेव्हाही कळायचं."

मग तिने मला जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्या आजारानंतर बाबा माझी प्रत्येक मॅच कॉटवरून बघायचे. मी आऊट झालो की डाव्या हाताने कॉटवर बुक्क्या मारायचे. आईला वाटायचं, राग माझ्या खेळाचा आहे. एकदा त्यांनी किती वेळ तोंड वाकडं-तिकडं करून दोन शब्द बाहेर काढले होते. "माझ्यापायी फेकतो." फेकतो म्हणजे विकेट. माझ्या करिअरचं वाटोळं आपल्यामुळे झालं, असं ते तेव्हापासून धरून बसले होते.

आई हातातला टॉवेल घडी करत म्हणाली, "तुला वाटतं तुझ्यापायी त्यांचा हात गेला. त्यांना वाटतं त्यांच्यापायी तुझा खेळ गेला. आणि मी इतकी वर्षं दोघांना जेवायला वाढतेय."

मला राग आला. कोणाचा ते कळलं नाही. मामांचा, पेढा भरवणाऱ्या काकूंचा, आईचा, सगळ्यांचाच. पण काहीतरी वाटलं, याचंच मला नवल वाटलं. मी आत गेलो. बाबा टीव्हीसमोर होते, टीव्ही बंद होता. मी स्टूल ओढून समोर बसलो आणि म्हणालो, "बाबा, उद्या मी आपण होऊन आऊट होणार नाही. ऊन आलं तरी नाही. उठायचं की बसायचं ते तुमचं तुम्ही बघा." हे बोलताना माझा आवाज चढला होता. ते 'हं' म्हणाले.

रात्रभर मला वाटत होतं, सकाळी त्यांना घरीच ठेवावं. पण सकाळी ते आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून दाराशी तयार होते.

रविवारी मी पुन्हा खेळायला गेलो. पुन्हा चौकार लागला आणि पुन्हा खुर्चीवर ऊन आलं. बाबा हलले नाहीत. मी एक-एक धाव घेत होतो आणि प्रत्येक चेंडूनंतर तिकडे बघत होतो. मला भीती वाटत होती, सरळ भीती, की मी इथे शब्द पाळत उभा राहीन आणि ते तिथे त्या दिवसासारखेच कलंडतील. एक फुलटॉस आला, कालच्यासारखाच, हवेत मारण्याजोगा. माझी बॅट वर गेलीही होती. मी तो पायाशी अडवला. लोकांनी हुर्यो उडवली. "अहो सर, मारा की," असं कोणीतरी ओरडलं. मी मान खाली घालून क्रीजवर बॅट आपटत राहिलो.

पुन्हा वर पाहिलं तेव्हा बाबांचा डावा हात काठीकडे गेला होता.

गोलंदाज धावायला लागला होता. मी हात वर करून त्याला थांबवलं. पंचांनी विचारलं, काय झालं, समोर कोणी हललं का? "हो, जरा थांबा," मी म्हणालो. बाबा उठत होते. आईने एक दंड धरला, कार्यकर्ता दुसरीकडून आला, पण त्याला त्यांनी लांब ठेवलं. काठी पुढे, मग डावा पाय, मग उजवा ओढत. मांडवामागे कडुनिंबाचं झाड होतं, तिथपर्यंत ते गेले. सगळं मैदान खोळंबलं होतं आणि कशासाठी ते कोणालाच माहीत नव्हतं. नॉन-स्ट्रायकर माझ्याजवळ येऊन पाणी मागवू का म्हणाला. मी मान हलवून नको म्हटलं. मी आऊट नव्हतो, आणि बाबांनी जागा सोडली होती. मला रडू येत होतं, आणि हेल्मेट नव्हतं म्हणून ते लपवायला जागा नव्हती.

झाडाखाली त्यांना खुर्ची मिळाली. बसल्यावर त्यांनी डावा हात उंच करून मला खूण केली, की चालू दे.

मी नव्याने गार्ड घेतला. गोलंदाज एक ट्रान्सपोर्टवाला होता, पोट सुटलेला. त्याने तसाच साधा चेंडू टाकला. मी पाय पुढे काढला, बॅट सरळ आणली, सगळं जसं बाबांनी शिकवलं होतं तसं. चेंडू ढेकळावर पडून खाली राहिला, बॅटखालून गेला आणि मधली दांडी गुल.

यष्टीरक्षक ओशाळून पंचांना म्हणायला लागला, की नो-बॉल द्या हो, साहेब आत्ताच सेट झालेत. मी कडुनिंबाकडे पाहिलं. बाबा हसत होते. अर्ध्या तोंडाने, खांदा हलवत, डावा हात मांडीवर आपटत. इतक्या लांबूनही त्यांना कळलं होतं, की ही विकेट मी फेकलेली नाही, ही गेलेली आहे.

मी बॅट काखेत मारली आणि मांडवात न जाता थेट झाडाकडे गेलो. बाबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी तोंड उघडलं, जीभ जुळवायला वेळ घेतला.

"मी... हललो," ते म्हणाले.

"हो ना बाबा," मी म्हणालो. "या वेळी खरंच तुमच्यामुळे आऊट झालो."

ते इतके हसले की आईने त्यांची खुर्ची धरून ठेवली.